डोकं थंड ठेवणारी गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळा लागला की मुळशी, ताम्हिणी, भोर या बाजूला रविवारी वेगळीच जत्रा भरलेली दिसते. गुडघाभर चिखलातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांतून चढणाऱ्या गाड्यांची. ट्रॅक्टरसारखे टायर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर दोरखंड गुंडाळणारी विंच, दिव्यांची रांग आणि बॉनेटच्या कडेनं टपापर्यंत गेलेली हवा घेण्याची नळी. पाहत राहावं अशी ही गाडी. पण त्याच रस्त्यावर थोडं पुढे गेलं की तशीच एखादी गाडी बॉनेट उघडून उभी असते. पुढून वाफ निघते आहे, चार मित्र चार बाजूंनी वाकून बघताहेत आणि पाचवा पाण्याची बाटली घेऊन धावतो आहे.

चिखलात रुतलेली गाडी ओढून काढता येते. तापून हेड गेलेली गाडी ओढून काढली तरी ती कामाची राहत नाही. म्हणून आज मी या गाड्यांच्या ताकदीबद्दल नाही, त्यांच्या तापाबद्दल बोलणार आहे. कवीचं हे काम नव्हे असं कोणी म्हणेल. पण आयुष्यातल्या पुष्कळ संध्याकाळी मी गॅरेजच्या बाकड्यावर काढल्या आहेत. तिथं कानावर पडलेलं पुष्कळसं शहाणपण पुस्तकांशी ताडून पाहिलं, तर ते खरं निघालं.

आधी गाडीबद्दल. आपल्याकडे डोंगरात जाणारी गाडी म्हटली की पहिली आठवते ती जीप. १९४१ सालच्या लष्करी विलीज जीपचं इंजिन साधारण साठ अश्वशक्तीचं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत तिची जुळणी सुरू झाली आणि पुढे ती खेडोपाडी पोचली. दुसरी आठवते ती जोंगा. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात १९६९ ते १९९९ या काळात ती बनत होती. तिला जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. लष्करानं लिलावात काढलेल्या जोंगा पुष्कळ लोकांनी हौसेनं घेतल्या. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांत डिझेल इंजिन बसवलं. मग टर्बो आला, मोठे टायर आले, पत्रा जाड झाला, वजन वाढलं. प्रत्येक बदलाला एक बिल असतं आणि ते कधी ना कधी टेम्परेचरच्या काट्यावर दिसतं.

हे बिल कसं येतं ते पाहू. इंजिन म्हणजे आगीवर चालणारं यंत्र. शंभर रुपयांचं डिझेल जाळलं, तर ढोबळमानानं पस्तीस रुपयांचं काम होतं. साधारण तेवढ्याच रुपयांची उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर जाते. उरलेली पंचवीस-तीस रुपयांची उष्णता पाण्याला आणि तेलाला उचलून बाहेर टाकावी लागते. सिलिंडरच्या आतली आग दोन हजार अंशांच्या घरात पोचते आणि ज्या ॲल्युमिनियमचा पिस्टन बनतो ते शुद्ध रूपात ६६० अंशांना वितळतं. म्हणजे इंजिन चालू असतं, त्यातला प्रत्येक क्षण ते वितळण्यापासून वाचवावं लागतं. साठ अश्वशक्तीच्या जागी सव्वाशेचं इंजिन बसवलं आणि त्याच्याकडून पुरतं काम घेतलं, तर फेकायची उष्णताही जवळपास दुप्पट होते. रेडिएटर मात्र बहुतेकदा जुनाच असतो, कारण पुढच्या जाळीमागे तेवढीच जागा असते.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर उस्ताद आहेत. मराठी, उर्दू आणि दखनी यांचं मिश्रण करून बोलतात. पोरं गाडी घेऊन येतात आणि सांगतात, "उस्ताद, पाणी पुरत नाही, मोठा रेडिएटर टाका." उस्ताद रेडिएटरकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणतात, "पानी क्या देखता बेटा, हवा देख." या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. पाणी हा हमाल आहे. तो इंजिनातली उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत आणतो. तिथून ती उचलून नेणारी हवा. हवा आली नाही तर हमाल तेच ओझं घेऊन परत आत जातो. अशा वेळी हमालांची संख्या वाढवून काय होणार? रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत.

महामार्गावर ताशी साठ किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला वारा फुकट मिळतो. डोंगरात गाडी ताशी पाच किलोमीटरनं सरपटत असते. गिअर लो मध्ये, इंजिन जोरात, आणि समोरून वारा जवळजवळ नाहीच. तिथं सगळी भिस्त पंख्यावर. पंख्याचा गोंधळ इंजिन बदलताना होतो. जुन्या इंजिनाचा पंखा रेडिएटरच्या बरोबर मध्यावर होता. नवं इंजिन चार बोटं मागे बसलं, दोन बोटं खाली बसलं. पंखा दूर गेला, मध्यावरून सरकला. पंख्याभोवती पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं गोल कवच असतं, ते नव्या जागेत बसेना म्हणून काढून ठेवलं. ते कवच शोभेचं नसतं. ते नसलं तर पंखा आपल्याच कडेची गरम हवा फिरवत बसतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यांतून हवा ओढली जात नाही. पत्रा कापून, वाकवून असं कवच गॅरेजमध्येच बनवता येतं. हजारो रुपयांच्या रेडिएटरपेक्षा ते पुष्कळदा जास्त काम करतं.

काहीजण इंजिनावरचा पंखा काढून छोट्या कारचा इलेक्ट्रिक पंखा लावतात. ओढ्यात उतरताना तो बटणानं बंद करता येतो, हा त्याचा मोठा फायदा. कारण जोरात फिरणारं पातं पाण्यात सापडलं तर पुढे वाकून रेडिएटरलाच कापू शकतं. पण छोट्या कारचा पंखा छोट्या कारपुरताच असतो. शिवाय तारा उलट्या जोडल्या गेल्या तर तो हवा आत ओढण्याऐवजी पुढे ढकलतो. गाडी उभी असताना ते लक्षात येत नाही. धावताना समोरचा वारा आणि पंखा यांची रेडिएटरमध्येच झुंज लागते. कागदाचा एक कपटा जाळीपुढे धरावा. आत ओढला गेला तर ठीक. एवढी साधी परीक्षा आहे.

आता पुढच्या बाजूला या. विंच, तिच्यावर गुंडाळलेला दोर, दोन मोठे दिवे, नंबरपाटी, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर. हे सगळं रेडिएटरच्या तोंडापुढे. यातल्या शेवटच्या दोन वस्तू तर हवा आधीच गरम करून मागे पाठवतात. खाली दगडांपासून बचाव म्हणून जाड पत्रा ठोकलेला. म्हणजे हवेला यायला जागा नाही आणि आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. घराला खिडकी एकाच भिंतीला असली तर वारा खेळत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. गाडीच्या बाबतीत ते विसरतो. दिवे थोडे बाजूला सरकवले, खालच्या पत्र्याला भोकं पाडली, बॉनेटच्या मागच्या भागात योग्य जागी खाचा काढल्या, तर काटा खाली येतो. याला खर्च फारसा नाही. फक्त रुबाब थोडा कमी होतो.

हवेचा तिसरा शत्रू म्हणजे आपली माती आणि आपलं गवत. काळी माती रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांत शिरली आणि वाळली की तिची वीट होते. पावसाळ्यानंतर माळावर कुसळी गवत पिकतं. त्याची कुसळं जशी आपल्या पायजम्यात घुसतात तशीच रेडिएटरमध्ये घुसतात. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, कारण कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साठलेला असतो. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूनं पुढच्या दिशेला मारावं. म्हणजे कचरा आला तसाच बाहेर जातो. सर्व्हिस स्टेशनवरच्या जोरदार फवाऱ्यानं जवळून मारलं तर पापुद्रे वाकून वाट कायमची बंद होते. साध्या नळीचं पाणी आणि थोडा धीर पुरतो.

हवेचं झालं, आता पाण्याचं. हमाल म्हटलं म्हणून त्याला उपाशी ठेवायचं नसतं. आपल्याकडे घाटात गाडी तापली की जवळच्या विहिरीचं, हापशीचं पाणी ओतायची सवय. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणी हे पाणी जड असतं. घरातल्या हिटरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच थर इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांवर चढतो आणि उष्णतेला अडवतो. गंज वेगळाच. म्हणून कूलंट. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे नेहमीचं प्रमाण. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. नुसतं पाणी उष्णता वाहून नेण्यात कूलंटच्या मिश्रणापेक्षा सरसच असतं. कूलंट घालायचं ते गंज टाळायला, उकळबिंदू वर न्यायला आणि थंड मुलखात गोठू नये म्हणून. त्यामुळे जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा, हा समज खरा नाही.

गळणाऱ्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची युक्ती ट्रकवाल्यांत जुनी आहे. रानात अडकलात आणि दुसरा इलाज नसेल, तर हळद भोक बुजवून तुम्हाला गावापर्यंत आणू शकते. पण ती भोक आणि चांगली नळी यांत फरक करत नाही. घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढलं नाही तर तीच हळद पुढच्या खेपेला वाट अडवते. औषध आहे, आहार नव्हे.

दुसरी सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. "गाडी तापते? व्हॉल्व काढून टाक." हा सल्ला आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. त्याआधी तो पाणी आतच फिरवतो, कारण इंजिन फार थंड राहिलं तर डिझेल नीट जळत नाही, तेल पातळ होत नाही आणि झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून आखूड वाटेनंच फिरत राहतं आणि इंजिन आणखी तापतं. अडकला असेल तर बदलावा. घरच्या घरी पातेल्यात पाणी तापवून, त्यात टाकून तो उघडतो की नाही ते पाहता येतं.

आता रेडिएटरच्या झाकणाबद्दल. सगळ्या व्यवस्थेत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. समुद्रकाठी पाणी शंभर अंशांना उकळतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ते ९५-९६ अंशांनाच उकळतं. लडाखमध्ये खारदुंग ला हा ५,३५९ मीटरवर आहे. तिथं पाणी ८२-८३ अंशांवर उकळू लागतं, म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो न उघडतो तोच. मग तिथं गाड्या चालतात कशा? झाकणामुळे. झाकणाची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, अगदी प्रेशर कुकरसारखा. झाकण एक बारचा दाब धरत असेल, तर समुद्रसपाटीला नुसतं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलेलं झाकण असलं की ही सगळी राखीव जागा गेली. महाराष्ट्रातून दर उन्हाळ्यात कितीतरी तरुण गाड्या घेऊन लडाखला जातात. त्यांना वाटतं थंड मुलूख, गाडी कशाला तापेल? हवा थंड असते हे खरं, पण तिथं ती विरळही असते. विरळ हवा कमी उष्णता नेते. उलट बाजूला आपलं चंद्रपूर. हवा दाट, पण पारा पंचेचाळीसवर. रेडिएटरमधलं पाणी ९५ अंशांना आणि बाहेरची हवा ३० अंशांना असेल, तर फरक ६५ अंशांचा. बाहेर ४५ असेल तर फरक ५० उरतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद जवळजवळ पाव हिश्श्यानं घटली. पावसाळी ताम्हिणीत नीट चाललेली गाडी मे महिन्यात विदर्भात का उकळते, याचं उत्तर या साध्या वजाबाकीत आहे.

आणखी एक गोष्ट इंधनाच्या पंपाची. डिझेल इंजिनाची ताकद वाढवायची म्हणून गॅरेजमध्ये 'पंप वाढवतात'. म्हणजे डिझेल जास्त सोडतात. मागून काळा धूर येतो आणि पोरं खूश होतात. पण तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. त्या वेळी आतल्या वायूचं तापमान अशा ठिकाणी जातं की पाण्याचा काटा शांत असतानाही पिस्टन आणि टर्बो भाजून निघतात. पाण्याचा काटा सगळं सांगत नाही. ताकद वाढवणाऱ्यानं धुराचं तापमान दाखवणारा वेगळा काटा बसवून घ्यावा आणि तेलालाही छोटासा कूलर द्यावा. तेल हे नुसतं वंगण नसतं. पिस्टनच्या पोटाखालची आग तेच विझवत असतं.

पाण्याच्या काट्याचा आणखी एक कावा आहे. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. नळी फुटून पाणी वाहून गेलं तर तो कोरडा पडतो आणि काटा वर जाण्याऐवजी कधीकधी खाली येतो. चालक म्हणतो, "चला, गाडी थंड झाली." आणि त्याच वेळी आत हेड वाकत असतं. काटा वर चढत चढत अचानक खाली आला तर आनंद मानू नका. थांबा.

थांबल्यावर काय करायचं? काटा नुसता वर सरकत असेल आणि पाणी गळत नसेल, तर एसी बंद करावा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण चालू करावा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. घाम फुटेल, पण इंजिन वाचेल. मोकळ्या जागी, शक्य तर वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी करावी आणि गिअर काढून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावं, म्हणजे पंखा आणि पाणी दोन्ही फिरत राहतात. पण वाफ दिसली, पाणी सांडलं किंवा पट्टा तुटला, तर इंजिन लगेच बंद. मग झाडाखाली बसावं. अर्धा-पाऊण तास. त्याहून जास्तही लागू शकेल.

आणि झाकणाला हात लावू नये. एका घाटाच्या माथ्यावर मी एका क्लीनर पोराला बघितलं आहे. सोळा-सतरा वर्षांचा असेल. मागे हॉर्न वाजत होते, ड्रायव्हर ओरडत होता, "खोल जल्दी!" त्यानं चिंधी धरून झाकण फिरवलं. दाब सुटला आणि आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन उसळलं. पोराचा हात कोपरापर्यंत आणि गळा भाजला. त्याच्या अंगावर कोणीतरी बाटलीतलं पाणी ओतत राहिलं, तेवढंच योग्य झालं. गाडी तासाभरानं चालू झाली. पोराला खाली गावात पोचवायला दुसरी जीप शोधावी लागली. झाकण उघडण्याची घाई ही नेहमी दुसऱ्याच्या हातानं केली जाते, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणून गाडीच्या मालकांना माझी विनंती आहे की हाताला सोसवेल इतका रेडिएटर निवेपर्यंत कोणालाही झाकण उघडायला सांगू नका. निवल्यावरही थंडगार पाणी एकदम ओतू नका. तापलेलं लोखंड त्या धक्क्यानं तडकतं. इंजिन चालू करून थोडं थोडं, सावकाश घाला. नंतर आत अडकलेली हवा निघू द्या, नाहीतर पाणी भरलेलं दिसतं आणि पंप हवाच फिरवत राहतो.

हे सगळं हौशी लोकांचे खेळ आहेत, आम्हाला काय त्याचं, असं काही श्रोत्यांना वाटेल. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा अशाच बदल केलेल्या जीपगाड्या घेऊन हौशी तरुण पाण्यात उतरले होते. मच्छीमारांनी आपल्या होड्या आणल्या, तसं यांनी आपल्या गाड्या आणल्या आणि माणसं बाहेर काढली. आपल्याकडेही सातपुड्यातल्या पाड्यांवर अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला जी मिळेल ती जीप हीच गाडी असते. अशा दिवशी गाडी किती उंच टेकाड चढली हे कोणी विचारत नाही. ती मधेच उकळली की नाही, एवढाच प्रश्न असतो. हौसेची गाडी एखाद्या दिवशी कोणाच्या तरी जिवाची गाडी होते, आणि तो दिवस आधी सांगून येत नाही.

बदल करणाऱ्यांनी कायदाही ध्यानात ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिनासारखा मोठा बदल परिवहन कार्यालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकत घेतानाच हे विचारून घेतलं तर पुढचा मनस्ताप वाचतो.

उस्तादांकडे येणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांची यादी टायरपासून सुरू होते. मग दिवे, मग विंच, मग टर्बो. पैसे संपले की शेवटी रेडिएटर. उस्ताद ती यादी घेतात आणि खालून वर वाचायला लागतात. आधी झाकण, नळ्या, पट्टा. मग पंखा आणि त्याचं कवच. मग हवेची वाट. आणि सर्वांत शेवटी टायर. पोरं कुरकुरतात. काही दुसऱ्या गॅरेजमध्ये जातात. जी थांबतात त्यांच्या गाड्या थोड्या कमी देखण्या असतील, पण संध्याकाळी त्या स्वतःच्या चाकांवर घरी येतात.